लाल शाईला काय म्हणायचे? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात भाषेविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी शब्दांच्या मुळाविषयीची पाच पत्रे एकमेकांना धरून असल्यामुळे येथे एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे शिक्षण इंग्रजी माध्यमात झाले. मी एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करतो. ‘पगार’ हा शब्द मूळचा पोर्तुगीज आहे असे एका सहकाऱ्याने सहज सांगितले आणि तेव्हापासून मला प्रत्येक शब्दाचे मूळ शोधण्याचा नादच लागला. लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर शोधत असतो, पण एका ठिकाणी एक मूळ सापडते आणि दुसऱ्या ठिकाणी भलतेच. वडील म्हणतात, अशा विद्येला गुरू लागतो. तो खरोखर लागतो का? आणि लागत असल्यास आजच्या मुंबईत शोधायचा कुठे?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : आपल्या सहकाऱ्याने सांगितले ते बरोबर आहे. पोर्तुगीज भाषेत ‘पगार’ हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ पैसे चुकते करणे असा होतो. आपण त्याचे नाम केले आणि महिन्याच्या एक तारखेला बांधून टाकले. पोर्तुगीजांना १५३४ मध्ये वसई आणि मुंबईचा प्रदेश मिळाला आणि वसई तर १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. इतक्या वर्षांच्या शेजारात शब्द घरात शिरले नसते तरच नवल. आज रात्री घरी पोहोचल्यावर दाराच्या कुलपाला चावी लावाल तेव्हा थोडे थांबून पाहा. ‘दार’ हे संस्कृत ‘द्वार’चे झिजलेले रूप आहे, ‘कुलूप’ म्हणजे अरबी ‘कुफ्ल’मधल्या अक्षरांची अदलाबदल, आणि ‘चावी’ पोर्तुगीजांची. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहूनच आपण तीन भाषा हाताळलेल्या असतात.

आपण हिशेब विभागात आहात हे तर फारच सोयीचे आहे. ‘खर्च’ या शब्दाच्या मुळाशी अरबीत बाहेर जाण्याचा अर्थ आहे, ‘जमा’च्या मुळाशी एकत्र येण्याचा आणि ‘वसूल’च्या मुळाशी येऊन पोहोचण्याचा. ‘बाकी’ म्हणजे जे मागे उरले ते. हे कळल्यावर ताळेबंदाचा रुक्ष कागद एखाद्या नाक्यासारखा दिसू लागतो : कोणी आले, कोणी गेले, कोणी अजून पोहोचायचेच आहे.

आता गुरूविषयी. मी बाविसाव्या वर्षी गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधकाचा मदतनीस म्हणून लागलो. (‘चिटणीस’, ‘फडणीस’ यांतला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. त्यांच्याच वळणावर ‘मदतनीस’ तयार झाला; तो बिचारा काहीच लिहीत नसला तरी.) तेथे जे मुख्य मुद्रितशोधक होते त्यांना सगळा छापखाना ‘अण्णा’ म्हणत असे. त्यांचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत झालेले होते. टेबलावर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती असे. पुठ्ठा सुटलेला, पाने सुतळीने बांधलेली. तो कोश उघडण्यापूर्वी ते हात धुऊन येत, कारण छापखान्यात कोणाचेच हात स्वच्छ नसत.

एके दिवशी मी त्यांना माझा शोध सांगितला. ‘शाई’ हा शब्द ‘शाही’वरून आला असला पाहिजे, कारण पूर्वी बादशाही फर्माने तिने लिहीत असत. मला ही व्युत्पत्ती इतकी आवडली होती की ती खरी नसण्याची शक्यताच मनात आली नव्हती. अण्णा चूक म्हणाले नाहीत आणि बरोबरही म्हणाले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “शेजारच्या भाषांत काय म्हणतात, ते पाहिलंस का?” ते पाहायला मला दोन शनिवार लागले. हिंदीत ‘स्याही’ आहे, ‘स्याही’ फारसीतल्या ‘सियाही’पर्यंत जाते, आणि ‘सियाह’ म्हणजे काळा. शाई म्हणजे नुसता काळेपणा. बादशहाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. मी जरा पडेल चेहऱ्याने हे सांगायला गेलो, तर अण्णांनी हातातली टाक वर धरली. ते प्रुफे नेहमी तांबड्या शाईने तपासत. “मग हे काय आहे?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “लाल काळेपणा.” त्यावर ते इतके हसले की पलीकडचे जुळारी छपाईचे खिळे जुळवणे सोडून पाहायला आले.

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. उच्चाराच्या दृष्टीने माझी कल्पना अशक्य नव्हती. ‘स्याही’तला ‘ह’ जसा गळला तसा ‘शाही’तलाही गळू शकला असता. म्हणजे केवळ कानाला पटते म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही, तिला साक्षीदार लागतात. शेजारच्या भाषा, जुने कागद आणि तो शब्द ज्या वाक्यात वावरतो ते वाक्य. मी एखादा सुटा शब्द घेऊन गेलो की अण्णा तो परत पाठवत आणि म्हणत, “वाक्य घेऊन ये.” पुढे कित्येक वर्षांनी यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीवरील प्राचीन संस्कृत ग्रंथात, ‘नैकपदानि निर्ब्रूयात्’ हे वचन वाचले, तेव्हा हसू आवरले नाही. संदर्भावाचून सुट्या पदाची फोड करू नये, असे तो सांगतो. आणि लगेच पुढे, जो शिष्य म्हणून जवळ येऊन बसलेला नाही त्यालाही ती सांगू नये, असे बजावतो. निरुक्त अण्णांनी वाचले होते की नाही ते मी त्यांना कधी विचारले नाही.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की माहितीसाठी गुरू लागत नाही. मोल्सवर्थचा कोश आणि य. रा. दाते, चिं. ग. कर्वे प्रभृतींनी १९३२ पासून सिद्ध केलेला महाराष्ट्र शब्दकोश, हे दोन्ही आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. लोकलच्या गर्दीतही पाहता येतात. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश १९४६ मध्ये निघाला. तो मात्र हातात घेऊन, टेबलावर पसरून पाहण्याचा ग्रंथ आहे, आणि त्यासाठी एखादा शनिवार मोडून दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात जावे. गुरू लागतो तो आपल्याच आवडत्या कल्पनेवर आपण भाळलो असताना दोन शनिवार थांबवण्यासाठी. मोबाइल थांबवत नाही. तो विचारण्यापूर्वीच उत्तर देतो आणि कोणते उत्तर कोणाच्या भरवशावर दिले ते सांगत नाही.

असा माणूस प्राध्यापकच असला पाहिजे असे नाही. एखादे निवृत्त मुद्रितशोधक, न्यायालयातले भाषांतरकार, कीर्तनकार, ग्रंथालयातल्या देवघेवीच्या खिडकीमागे तीस वर्षे बसलेली बाई, यांपैकी कोणीही चालेल. एखादा शब्द विचारल्यावर जो ताबडतोब उत्तर देतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. जो विचारतो, “कुठे ऐकलात?”, त्याच्याकडे आठवड्यातून एकदा जात चला, आणि जाताना वाक्य घेऊन जा. अण्णांनी मला ‘शाई’नंतर दिलेला शब्द आपल्यालाही देतो : ‘खोबरेल तेल’. ‘तेल’ हे ‘तैल’पासून आले आहे आणि तैल म्हणजे मुळात तिळाचे. ‘खोबरेल’मधला शेवटचा ‘एल’ कोण, ते आपणच शोधा. मग बाटलीवरचे नाव पुन्हा वाचा.

प्रश्न : मी शीव येथील एका शाळेत आठवीला मराठी शिकवते. तत्सम आणि तद्भव शब्दांच्या याद्या मुले परीक्षेपुरत्या पाठ करतात आणि विसरतात. यात त्यांना गोडी वाटावी यासाठी काही करता येईल का?
— एक शिक्षिका

उत्तर : यादी फळ्यावर लिहू नका, शाळेजवळच्या स्थानकाच्या नावापासून सुरुवात करा. इंग्रजी उच्चार ऐकून मुले ‘सायन’ म्हणतात, पण मराठी नाव ‘शीव’, आणि गावाची शीव म्हणजे गावाची हद्द. मुंबई बेट जिथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत असे, ती ही जागा. हा शब्द ‘सीमा’पासून आला. एवढे सांगून थांबावे आणि फळ्यावर फक्त तीन जोड्या लिहाव्यात : सीमा–शीव, ग्राम–गाव, नाम–नाव. काय घडले ते मुलांनाच विचारावे. दोन स्वरांच्या मधला ‘म’ मराठीत येताना ‘व’ झाला, हे कोणीतरी एक मिनिटात सांगेल. मग ‘आमलक’ लिहावे आणि पुढची जागा कोरी ठेवावी. ‘आवळा’ हे उत्तर मागच्या बाकावरूनही येते. ‘श्यामल’चे ‘सावळा’, ‘कोमल’चे ‘कोवळा’, ‘भ्रमर’चा ‘भोवरा’. येथपर्यंत वर्ग बहुधा गलका करू लागलेला असेल, आणि करू द्यावा.

(कोणी ‘नाव’ म्हणजे होडी असे म्हटले तर तिला वेगळ्या ओळीत ठेवावे. ती ‘नौ’कडून आली आहे. दिसायला जुळी, पण नाते नाही.)

या गलक्यात एखादे मूल विचारील, “मग ‘कर्म’चं ‘काम’ का झालं? ‘काव’ का नाही झालं?” तो तासातला सर्वांत मौल्यवान क्षण समजावा. ‘कर्म’ हे आधी प्राकृतात ‘कम्म’ झाले. तो म एकटा नव्हता, जोडीने होता, म्हणून टिकला. पुढे जोडीतला एक गेला आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा ‘क’ लांबून ‘का’ झाला. ‘हस्त–हत्थ–हात’, ‘सप्त–सत्त–सात’, ‘कर्ण–कण्ण–कान’ हीच चाल दाखवतात. नियमाला अपवाद वाटलेली गोष्ट दुसऱ्या नियमाने वागत होती, हे ज्या मुलाला तेराव्या वर्षी स्वतःच्या प्रश्नातून कळले, त्याला तद्भव शब्दांची यादी पाठ करावी लागणार नाही. त्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलावून आणखी दोन शब्द द्या. शिक्षकाला वर्षभरात असे एखाददुसरेच मूल मिळते, आणि बहुधा ते परीक्षेत पहिले आलेले नसते.

प्रश्न : ‘मुंबई’ हे नाव पोर्तुगीज ‘बॉम बाहिया’ म्हणजे ‘चांगली खाडी’ यावरून आले, असे माझ्या मुलाच्या मित्राने ठासून सांगितले. खरे आहे का?
— एक वाचक, वांद्रे

उत्तर : नाही. पोर्तुगीज भाषेत खाडीचा किंवा उपसागराचा हा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे ‘चांगली’साठी ‘बोआ’ यायला हवे होते, ‘बॉम’ नव्हे. इतक्या मोठ्या शहराला नाव देताना पोर्तुगीज माणूस स्वतःच्या भाषेतले लिंग चुकला, असे मानावे लागेल. नाव मुंबादेवीचे आहे. पोर्तुगीजांनी आपल्या जिभेला जमेल तसे त्याचे ‘बोंबाईम’ केले आणि त्यावर ही गोष्ट नंतर रचली गेली. अशा रचलेल्या मुळांना लोकव्युत्पत्ती म्हणतात. त्या ऐकायला छान असतात. माझी ‘शाही शाई’ त्यांतलीच.

प्रश्न : आपण परक्या शब्दांचे इतके कौतुक करता, याचे आश्चर्य वाटते. ‘पगार’ पोर्तुगीज आहे हे कळल्यावर तो टाकून ‘वेतन’ म्हणणे, हाच भाषाप्रेमाचा खरा अर्थ नव्हे काय? शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी?
— एक ज्येष्ठ वाचक, दादर

उत्तर : राज्यव्यवहारकोश करवून घेण्यामागे राज्यकारभारातल्या फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय देण्याचा हेतू होता, हे आपले म्हणणे योग्यच आहे, आणि रघुनाथपंतांनी ते काम निगुतीने केले. सावरकरांनी सुचवलेले ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्दही आज आपण सहज वापरतो. नवा शब्द घडवणे हे भाषाप्रेमच आहे. त्याबद्दल माझी काही हरकत नाही. आणि हे वाक्य लिहिताना ‘हरकत’ आली, ती तशीच ठेवतो. अरबीत तिचा अर्थ हालचाल, आपल्याकडे अडथळा किंवा आक्षेप. अरबी माणसाला माझे वाक्य कळणार नाही. मग हा शब्द कोणाचा?

‘राजीनामा’ पाहा. फारसीत राजी असल्याचा, संमतीचा कागद. हिंदीत आजही तडजोडीचा लेख. मराठीत मात्र नोकरी किंवा पद सोडल्याचे पत्र. आपण तो शब्द आपल्या घरात आणून त्याला पूर्ण उलट्या कामाला लावले. बरे, हे केवळ परक्या शब्दांचेच होते असेही नाही. ‘शिक्षा’ संस्कृतात शिकवणे, हिंदीत शिक्षण, आणि मराठीत दंड. (आपल्या पूर्वजांच्या शाळांविषयी यातून काय समजायचे ते ज्याचे त्याने समजावे.) संस्कृत ‘शिक्षा’ जितकी मराठी झाली तितकाच फारसी ‘राजीनामा’ही झाला. शब्दाचे मूळ त्याचा प्रवास सांगते. त्याला घरात ठेवायचे की नाही, याचा निकाल त्या मुळावरून लागत नाही.

‘वेतन’ जरूर वापरावे. वेतन आयोग, वेतनश्रेणी, वेतनवाढ यांत त्याची बैठक पक्की आहे. पण चाळीतल्या जिन्यावर एक शेजारी दुसऱ्याला “वेतन झालं का हो?” असे विचारीत नाही. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांची आठवण आपल्याला असेलच. भाषाशुद्धीचा त्यांनी पुढे जोरदार पुरस्कार केला, परंतु त्याआधी, १९२५ मध्ये, फारसी-मराठी कोश त्यांनीच सिद्ध केला होता. शब्द काढायचा असला तरी तो आधी ओळखावा लागतो, आणि ओळखताना त्याच्याशी थोडा स्नेह जडतो, त्याला इलाज नाही.

प्रश्न : माझे वय चौऱ्याहत्तर. सातवीपर्यंत शिकले. लग्नानंतर लालबागला आले, यजमान गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते आणि मी घरी वीस-पंचवीस गिरणी कामगारांची खाणावळ चालवत असे. आता नातू कॉलेजात मराठी घेऊन शिकतो आणि मला सारखे शब्द विचारतो. मला त्यांचे मूळ काही सांगता येत नाही. त्याला चांगल्या शिकलेल्या माणसाकडे पाठवावे असे वाटते. आपल्या माहितीत कोणी आहे का?
— एक आजी, लालबाग

उत्तर : आजी, आपला नातू योग्य माणसाकडेच बसला आहे. मूळ त्याला कोशात सापडेल. ‘मुकादम’ हा अरबी ‘मुकद्दम’, म्हणजे पुढे ठेवलेला, आघाडीचा माणूस, हे मी त्याला येथूनच सांगतो. कामगारांना कामावर घेणारा ‘जॉबर’ इंग्रजी आहे आणि ‘बदली कामगार’मधली ‘बदली’ अरबी ‘बदल’कडून आली, हेही सांगतो. परंतु पहाटेचा भोंगा झाल्यावर बदलीवाला गिरणीच्या दारात कोणाच्या तोंडाकडे पाहत उभा राही आणि जॉबरने मान हलवली नाही तर घरी येऊन काय बोले, ते मी सांगू शकत नाही. त्या बोलण्यातला शब्द तुम्ही ऐकलेला आहे. माझ्या अण्णांनी अशा माणसासाठी हातातले काम बाजूला ठेवले असते.

नातवाला एक वही करायला सांगा. तुम्ही शब्द सांगाल तेव्हा त्याने अर्थ न लिहिता तुमचे वाक्य लिहावे, जसेच्या तसे, तुमच्या उच्चारासकट. तो शब्द तुम्ही कोणाच्या तोंडून ऐकलात, तो माणूस कोकणातला होता की घाटावरचा, तेही लिहावे. तो सुधारायला लागला तर त्याला सुधारू देऊ नका. कॉलेजातल्या मुलांना ती खोड असते, मलाही होती.

सुरुवातीला ‘खाडा’ घ्यावा, अशी माझी विनंती आहे. गिरणीत खाडा म्हणजे कामावर न जाणे आणि खाणावळीत खाडा म्हणजे न जेवलेली वेळ, जिचे पैसे महिन्याच्या हिशेबातून वजा होत. एकच माणूस दोन्हीकडे खाडे करीत असे आणि दोन्हीकडे त्याचा हिशेब उलटा लागत असे : तिकडे पैसे त्याचे जात, इकडे वाचत. या दोन खाड्यांविषयी तुमच्या खाणावळीत नक्कीच काहीतरी थट्टा चालत असेल. ती नातवाकडून लिहून पाठवा. आणि हिशेबाच्या वहीत खाडा कसा मांडत होता, फुली मारून की ती जागा कोरी ठेवून, तेही कळवा.